आठी उसवताना

माझ्या दुकानात शिवलेला ब्लाऊज एका मुलीनं स्वतःच्या लग्नात दिवसभर काचत असतानाही घातला, आणि त्याला कारण माझं कपाळ होतं. संक्रांतीच्या सुमारास तिची मावशी फॉल-पिकोला साड्या घेऊन आली, तेव्हा तिनं मला हे सांगितलं.

ट्रायलचा दिवस मला चांगला आठवतो. मुलगी आरशासमोर उभी होती, मी वाकून मुंढ्याजवळ टाचण्या लावत होते. "बरोबर बसतोय ना गं?" असं मी विचारलंही होतं आणि ती हो म्हणाली होती. मावशी म्हणाली, "घट्ट होत होता हो तिला. पण तुमच्या आठ्या बघून तिला वाटलं, तुम्ही वैतागलाय. सांगायचा धीर झाला नाही."

मी सांगलीत एकतीस वर्षं ब्लाऊज शिवतेय. माप चुकलं, गळा खाली गेला, अस्तर आटलं, असली बोलणी मी पुष्कळ ऐकलीत आणि त्या त्या वेळी निस्तरलीत. पण गिऱ्हाईक माझ्याशी बोलूच शकलं नाही, हे मनाला लागलं. त्या रात्री दुकान बंद केल्यावर ट्रायलच्या आरशासमोर उभी राहिले. दोन भुवयांच्या मधोमध दोन उभ्या रेघा, डावी जास्त खोल. समोर काम नव्हतं, मनात राग नव्हता, तरी त्या तिथंच. बोटांनी कातडी दोन्हीकडं ताणली तर पुसट झाल्या, सोडली तर परत आल्या.

"हे" म्हणाले, "मला तर तू कधी रागावलेली वाटली नाहीस." त्यांना चौतीस वर्षांची सवय आहे. नवीन मुलीला माझ्याकडं बघायला पाच मिनिटं मिळतात.

पहिल्यांदा गेले ती ओळखीतल्या एका पार्लरमध्ये. तिथं बोटॉक्स, म्हणजे आठ्या घालवायचं इंजेक्शन, करून देतात असं ऐकलं होतं. तीन हजारात अख्खा चेहरा, असं त्या बाई म्हणाल्या. औषध कुठलं, असं विचारल्यावर त्यांनी फ्रिजमधून भरून ठेवलेली सिरिंज काढून दाखवली. बाटली नाही, तिच्यावरचं नाव नाही, तारीख नाही. टोचणार कोण, तर त्या स्वतः. मी कापड घेतानासुद्धा काठ उलटून बघते. तिथून उठून आले. बायांनो, एवढं एकच ठासून सांगते: बाटली तुमच्यासमोर उघडली पाहिजे, आणि टोचणारा माणूस डॉक्टर पाहिजे, चेहऱ्याच्या आतलं शिकलेला.

तरी मन पुन्हा तिकडंच गेलं, याचं कारण आमच्या शेजारणीचे सासरे. त्यांचे डोळे आपोआप गच्च मिटायचे, रस्त्यानं चालणं अवघड झालं होतं. मिरजेत त्यांना पापण्यांभोवती दर तीन-चार महिन्यांनी इंजेक्शनं देतात आणि ते पुन्हा पेपर वाचू लागलेत. ते औषध हेच, असं कळल्यावर माझी भीती अर्धी गेली. दुखण्याखुपण्याला आमच्या भागातली माणसं मिरजेलाच जातात. मीही सिटी बस धरली आणि तिथल्या एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टर मॅडमकडं गेले.

त्यांनी आधी माझं काम काय ते विचारलं. मग म्हणाल्या, "पर्समध्ये सुई-दोरा आहे का? ओवून दाखवा बरं." सुई माझ्याकडं असतेच. मी दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, सुई उजेडाकडं धरली आणि ओवायला लागले. दुसऱ्या खेपेला गेला. मान वर केली तर मॅडम माझ्यासमोर आरसा धरून उभ्या होत्या. दोन्ही भुवया मध्यावर येऊन जवळजवळ एकमेकींना भिडल्या होत्या.

"चष्म्याचा नंबर शेवटचा कधी तपासला?"

सहा वर्षं झाली होती.

त्या दिवशी त्यांनी इंजेक्शन दिलंच नाही. आधी डोळे तपासून या, दोन महिने नवा चष्मा वापरा, मग बघू, म्हणाल्या. जवळचा नंबर दीडचा अडीच झालेला निघाला. म्हणजे इतकी वर्षं चष्म्याची उरलेली कामगिरी माझं कपाळ करत होतं. दुकानात माझ्या मशीनवर एक पांढरा दिवाही वाढवला. ज्या डॉक्टरला पहिल्याच दिवशी सात हजार मिळाले असते, तिनं मला चष्मेवाल्याकडं धाडलं, हे मी विसरणार नाही.

दोन महिन्यांनी फरक होता. डोकं कमी दुखायचं, मानेचा ताण उतरला होता. पण भुवयांना तीस वर्षांची खोड लागलेली. नीट दिसत असलं तरी कापड हातात आलं की त्या एकमेकींजवळ यायच्याच. जूनमध्ये, लग्नसराई संपल्यावर, पुन्हा गेले.

त्या वेळी मॅडमनी मला जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते, कारण ऐकताना मला कापडच दिसत होतं. कपड्याला चुण्या कशा घालतात? धावदोरा घालायचा आणि टोक ओढायचं. दोरा ओढला की कापड गोळा होतं, सैल सोडला की सपाट होतं. चेहऱ्यावर कातडी हे कापड, आणि तिच्याखालचे स्नायू हा दोरा. भुवयांमध्ये दोन प्रकारचे स्नायू ही ओढाताण करतात. एकाचं नाव कोरुगेटर. तो दोन्ही भुवयांखाली एकेक असतो आणि भुवया आत ओढतो. दुसरा प्रोसेरस; तो नाकाच्या मुळाशी असतो आणि खाली ओढतो. उभ्या आठ्या पहिल्याच्या, नाकावरची आडवी रेघ दुसऱ्याची. इंजेक्शन कातडीला इस्त्री करत नाही. ते दोरा सैल सोडतं.

सैल कसं होतं, तेही मी खोदून विचारलं. मज्जातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन बारीक पिशव्यांत भरून ठेवलेलं असतं. मेंदूचा हुकूम आला की पिशव्या फुटतात, रसायन स्नायूवर पडतं आणि स्नायू आखडतो. बोट्युलिनम टॉक्सिन, म्हणजे बोटॉक्समधलं औषध, त्या टोकात शिरतं आणि पिशव्या बाहेर रिकाम्या व्हायला जे प्रथिन लागतं ते कापून टाकतं. स्नॅप-२५ असं त्याचं नाव. हुकूम येतो, पण स्नायूपर्यंत पोचत नाही. मज्जातंतू मरत नाही. तो नवे फुटवे काढतो, जुनं टोकही हळूहळू सावरतं आणि तीन-चार महिन्यांत स्नायू पुन्हा कामाला लागतो. म्हणून हे इंजेक्शन परत परत घ्यावं लागतं. आणि स्पर्श कळायचा थांबत नाही. कपाळावर माशी बसली तर कळते.

टॉक्सिन म्हणजे विषच. मॅडमनी ते लपवलं नाही. जर्मनीत लोक बिघडलेले सॉसेज खाऊन मरायचे. १८२० च्या दशकात युस्टिनस केर्नर नावाच्या डॉक्टरनं, जो कवीही होता, त्या विषबाधेचा बारकाईनं अभ्यास केला आणि याचा कधीतरी औषध म्हणून उपयोग होईल असंही लिहून ठेवलं. बोट्युलिनम हे नाव सॉसेजच्या लॅटिन शब्दावरून आलंय. १८९५ मध्ये बेल्जियममधल्या एका गावात अंत्यविधीला वाजवायला आलेले वादक हॅम खाऊन आजारी पडले, काही दगावले, आणि त्यावरून एमिल व्हॅन एर्मेंगेम या शास्त्रज्ञानं हे विष तयार करणारा जिवाणू शोधला. पुढं सॅन फ्रान्सिस्कोच्या ॲलन स्कॉट या डोळ्यांच्या डॉक्टरनं तिरळेपणासाठी त्या विषाचे अगदी थोडे थेंब वापरून बघितले. १९८९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं तिरळेपणा आणि पापण्या आखडण्याच्या आजारासाठी ते मंजूर केलं. म्हणजे शेजारणीच्या सासऱ्यांचं औषध आधीचं, माझ्या आठ्यांचं नंतरचं. कॅनडात व्हँकुव्हरला जीन कॅरथर्स या डोळ्यांच्या डॉक्टर पापण्यांसाठी हे टोचत असताना त्यांच्या ध्यानात आलं की भुवयांमधल्या आठ्याही जातायत. त्यांचे यजमान ॲलॅस्टेर त्वचेचे डॉक्टर. दोघांनी मिळून त्यावर काम केलं, १९९२ मध्ये ते छापून आलं आणि २००२ मध्ये भुवयांमधल्या आठ्यांसाठी मंजुरी मिळाली. मला हा इतिहास फार धीर देऊन गेला. डोळे उघडावेत म्हणून आलेलं औषध आहे हे.

मग प्रश्न. मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार आहे का, पोटात बाळ किंवा अंगावर पिणारं मूल आहे का, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, जेंटामायसिनसारखी अँटिबायोटिक्स चालू आहेत का, टोचायच्या जागी पुळी-फोड आहे का. मला फक्त बीपीची गोळी. चार फोटो काढले: शांत, आठ्या घालून, भुवया उंचावून, हसून.

कपाळावरच्या आडव्या रेघाही घालवून टाका, असं मी म्हटलं. त्यांनी मला डोळे मिटायला सांगितले, तळव्यानं माझं कपाळ दाबून धरलं आणि म्हणाल्या, "आता नुसत्या पापण्या उघडा." मी उघडल्या, पण वरचं थोडं झाकलेलंच राहिलं. माझ्या पापण्या वयानं सैल झाल्यात आणि मी दिवसभर कपाळाच्या स्नायूनं त्या वर ओढून धरते. तो स्नायू झोपवला तर भुवया खाली बसतील आणि सुईचं भोक बघायचे वांधे होतील. "या रेघा तुमच्या कामाच्या आहेत, राहू द्या." मला ते लगेच पटलं. ब्लाऊजचा कुठला टक्स उसवायचा आणि कुठला राखायचा, हे ज्याला कळतं तोच खरा कारागीर.

बाटली माझ्यासमोर उघडली. शंभर युनिटची, पण आत काही आहे असं वाटेचना. तळाशी धुरकट पापुद्रा, तोही उजेडात धरल्यावर दिसला. त्यात अडीच मिली सलाईन घातलं. बाटली हलवली नाही, नुसती बोटांत गोल फिरवली. ०.१ मिलीत चार युनिट, पाच ठिकाणी मिळून वीस. एका युनिटचे ३५० रुपये, म्हणजे सात हजार. वेगवेगळ्या कंपन्यांची युनिटं सारखी नसतात, म्हणून नुसत्या आकड्यावरून दोन दवाखान्यांची तुलना करू नये, हे त्यांनी बजावलं. मेडिक्लेममध्ये हे बसत नाही. सात हजार म्हणजे माझे अस्तराचे चौदा ब्लाऊज. पैसे माझ्या कमाईचे होते आणि देताना हात कापला नाही.

पांढऱ्या पेन्सिलीनं पाच ठिपके काढले, जसे मी खडूनं काढते. बर्फ लावला. सुई मोती ओवायच्या सुईसारखी बारीक. "आठी घाला," म्हणाल्या, आणि स्नायू फुगला तसा तो चिमटीत धरला. दुसऱ्या हाताचा अंगठा भुवईखालच्या हाडावर घट्ट दाबून ठेवला होता. औषध खाली पापणीच्या स्नायूकडं गेलं तर पापणी लोंबू शकते, तशी लोंबली तर सावरायला काही आठवडे लागतात, म्हणून ही काळजी. आत जाताना सुईनं कुरकुर असा बारीक आवाज केला. बक्रममधून सुई जाताना येतो तसा, फक्त आपल्याच डोक्यात. दुखलं मुंगी चावल्याइतकं. डोळ्यांतून पाणी मात्र आलं. पाच टोचे, तीनेक मिनिटं.

चार तास आडवं व्हायचं नाही, कपाळ चोळायचं नाही, त्या दिवशी खाली वाकून काम नाही. वाफ, फेशियल, थ्रेडिंग काही दिवस बंद. डोक्याला तेल घालून चंपी करायची माझी रविवारची सवय, तीही त्या आठवड्यात सोडली. बसमध्ये सीटच्या पाठीला डोकं टेकायचीसुद्धा भीती वाटत होती.

टोचलेल्या जागी आलेल्या गांधी घरी पोचेपर्यंत बसल्या. उजव्या भुवईच्या वर मटकीएवढा निळा डाग पडला, तो आठवडाभर होता. दुसऱ्या दिवशी डोकं ठणकलं, पॅरासिटामॉल घेतली. आठ्या जशाच्या तशा. दुसऱ्या रात्रीपर्यंत मला वाटत होतं, पैसे पाण्यात गेले.

चौथ्या दिवशी दुपारी एका नऊवारीला काठ जोडत होते. बॉबिन अडकली, दोऱ्याचा गुंता झाला, आणि मी आठी घातली. म्हणजे घालायला गेले. आतून जोर निघाला आणि तिथं काहीच गोळा झालं नाही. कपड्यातला धावदोरा टोकाशी तुटलेला असावा आणि आपण ओढत राहावं, तसं. मी मशीन थांबवून आरशापाशी गेले. पुन्हा घालून बघितली. भुवया जागच्या जागी. माझ्या कामाचा त्रास माझ्या चेहऱ्यावर उमटला नाही, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. आनंद झाला आणि थोडं बावरल्यासारखंही झालं. इतक्या वर्षांची ओळखीची हालचाल हाक मारूनही येत नव्हती.

दहाव्या दिवशी डाव्या भुवईचं बाहेरचं टोक तांदळाच्या दाण्याएवढं वर चढलेलं दिसलं. मुलीनं व्हिडिओ कॉलवर लगेच पकडलं. पुण्याहून ती घाबरून म्हणाली, "आई, आता हे असंच राहणार का?" मीही रात्रभर झोपले नाही. मॅडमनी चौदाव्या दिवशी बोलावलंच होतं, कारण पूर्ण परिणाम दोन आठवड्यांनी दिसतो. त्यांनी बघून सांगितलं की कपाळाच्या मधल्या भागापर्यंत औषध थोडं पोचलंय, बाजूचा भाग अजून जोरात ओढतोय, म्हणून टोक वर गेलंय. तिथं दोन युनिट टोचली. तीन-चार दिवसांत दोन्ही भुवया एका रेषेत आल्या. ही चौदाव्या दिवसाची भेट कुणीही चुकवू नये. आपण पहिल्या धुण्यानंतर ब्लाऊज परत मागवून शिवण बघतोच की.

उजवी आठी पार गेली. डावी राहिली. पूर्वीसारखी खोल नाही, पण शांत बसलं तरी केसाएवढी रेघ दिसते. माझ्या आईची एक इरकल पेटीत पंधरा वर्षं एकाच घडीत पडून होती. काढली तेव्हा घडीवर रेघ उमटलेली, इस्त्री फिरवून, पाणी मारूनही गेली नाही. माझी डावी आठी तशी आहे. दोरा सैल झाला तरी घडीचा वळ कातडीत बसलाय. तो भरून काढायला हायल्युरोनिक ॲसिडचं फिलर असतं का, असं मी विचारलं. असतं, पण नेमक्या याच जागी ते धोक्याचं आहे, असं त्या म्हणाल्या. इथल्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांना जोडलेल्या असतात. फिलर चुकून वाहिनीत गेलं तर कातडी मरू शकते, आणि क्वचित दृष्टीही जाते. मी तो विषय तिथंच सोडला. माझे डोळे ही माझी भाकरी आहे. साडीची घडी आपण अधूनमधून मोडून दुसरीकडून घालतो ना, तसं हे इंजेक्शन. जुना वळ पुसेल न पुसेल, पण त्याच रेघेवर रोज नवी घडी पडत नाही. माझ्यासाठी तेवढं पुरेसं होतं.

बायका विचारतात, मी सांगते. लपवायला मी काही चोरी केलेली नाही. "या वयात कशाला" म्हणणाऱ्याही भेटल्या. त्यांना मी चष्म्याची गोष्ट आधी सांगते आणि इंजेक्शनची नंतर, कारण त्यातल्या निम्म्याजणींना चष्माच पुरेल असं मला मनापासून वाटतं. आणखी एक बदल इंजेक्शनानं झाला नाही, मी केला: ट्रायलच्या वेळी "बरोबर बसतोय ना?" असं आता विचारत नाही. "कुठं काचतोय?" असं विचारते.

दसऱ्याच्या आधी डावी भुवई परत हलायला लागली. आधी नुसती थरथर, मग एक बारीक चुणी. चार महिने झाले होते. पुढचं इंजेक्शन दिवाळीचं काम उरकल्यावर, असं ठरवलं.

त्याच आठवड्यात ती मुलगी आली. सातवा लागलेला, डोहाळजेवणाचा हिरवा ब्लाऊज मी दोन बोटं शिवणीत ठेवून शिवला होता. तिनं घालून बघितला. मी नवा चष्मा लावून पाठीमागं उभी होते, टाचण्या मनगटावरच्या उशीत. "कुठं काचतोय?" म्हटलं.

तिनं हात वर केला, खाली केला, आरशातून माझ्याकडं बघितलं.

"काकू, मुंढ्यात. डावीकडं. आणि पाठीला पण थोडा."

मी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि उसवणी हातात घेतली.